सीनियर फोटोग्राफर झालो, आता नेमकं काय करायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी नाशिकला एका दैनिकात फोटोग्राफर आहे. सुरुवात स्ट्रिंगर म्हणून केली. छापून आलेल्या फोटोमागे पैसे मिळायचे, बाकी लग्नसराईवर भागायचं. मग सहा वर्षं करारावर काढली. गेल्या आठवड्यात पत्र मिळालं : 'वरिष्ठ छायाचित्रकार'. पगार थोडा वाढला. हाताखाली दोघं आली आहेत, एक मालेगावचा मुलगा आणि एक नुकतीच कोर्स करून आलेली मुलगी. चीफ मुंबईच्या कार्यालयात बसतात, त्यांची भेट वर्षातून दोनदा होते.

पत्रात पद लिहिलंय, काम लिहिलेलं नाही. वृत्तसंपादकांना विचारलं तर म्हणाले, "आत्ता करतोस तेच, फक्त जबाबदारीनं." आत्तापर्यंत मी काय बेजबाबदारपणे करत होतो का, असं तोंडावर आलं होतं, पण त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं हे दिसत होतं.

माझं वय ३६. घरी विचारतात, याच्या पुढे काय? मुख्य छायाचित्रकाराची जागा एकच आणि तीही मुंबईत. बेंगळुरूच्या एका मित्राने ऑनलाइन विक्रीच्या कंपनीतल्या स्टुडिओत ये म्हणून निरोप धाडलाय, तिथे पगार बरा आहे. इकडे २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि तो सोडून जायला मन तयार नाही.

तर दोन प्रश्न. सीनियरचं काम नेमकं कोणतं? आणि ही वाट पुढे कुठे जाते? या धंद्यात केस पिकलेल्यांनी जरूर लिहावं.

---

रानवाट

अभिनंदन! माझा सल्ला एवढाच, पदाबरोबर कार्यालयाकडून कॅमेऱ्याची चांगली बॉडी आणि लांबचं टिपणारी ७०-२००ची लेन्स पदरात पाडून घ्या. पत्र ताजं आहे तोवर मागितलेलं मिळतं, नंतर कोणी ऐकत नाही. आणि विमा. स्वतःचा आणि सामानाचा, दोन्ही.

---

जुनी_निगेटिव्ह

गोदाकाठ, तुमचा धागा वाचला आणि रात्री झोप लागली नाही. मी नाशिकलाच होतो, एका मराठी दैनिकात, ३१ वर्षं. आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो.

मी सीनियर झालो २००१ साली. मलाही कोणी काम सांगितलं नव्हतं. ते कळलं २७ ऑगस्ट २००३ला. सिंहस्थाचं शाही स्नान होतं. सरदार चौकाच्या बाजूला अरुंद वाटेत चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. मी रामकुंडावर होतो, तिथून धावत पोहोचलो. कार्यालयात तेव्हा एकच डिजिटल कॅमेरा होता, तो ज्युनियरकडे दिलेला. माझ्याकडे फिल्म. दोन रोल झाले. तिथे काय दिसलं ते लिहीत नाही.

संध्याकाळी डार्करूममधून काँटॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात छापलेला कागद, काढून वृत्तसंपादकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांचं बोट ज्या फ्रेमवर गेलं त्यात दोन मृत बायकांचे चेहरे स्पष्ट होते. फोटो म्हणून तो जबरदस्त होता, हे मलाही कळत होतं. मी म्हटलं, हा नको. अजून ओळख पटलेली नाही. कुणाच्या तरी मुलाला सकाळी चहा पिताना पेपरातून आई गेल्याचं कळेल. बरीच वादावादी झाली. शेवटी लागला तो सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकातला फोटो : भिंतीवर चिकटवलेली नावांची यादी वाचणारा एक माणूस, हातात गोदेच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन. त्याने तो कॅन खाली ठेवलेला नव्हता.

त्या रात्री कळलं की सीनियर म्हणजे टेबलापाशी उभं राहून 'नको' म्हणणारा. ज्युनियर तसं म्हणू शकत नाही, कारण त्याची नोकरी कच्ची असते. डेस्कवरचे म्हणत नाहीत, कारण त्यांनी ती जागा पाहिलेली नसते. पाहिलेलं आहे आणि बोलण्याइतका पाय रोवलेला आहे असा माणूस त्या साखळीत एकच असतो.

आता माझी चूकही सांगतो. त्या माणसाशी मी बोललो होतो, नाव-गाव वहीत लिहून घेतलं होतं. फोटोओळीत मी 'नांदगाव' एवढंच लिहिलं. तो होता नांदगाव खंडेश्वरचा, अमरावती जिल्ह्यातला. आपल्या नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुकाच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नांदगावहून फोन सुरू झाले, आमच्या गावचं कोण गेलं म्हणून. ज्यांची माणसं स्नानाला आली होती आणि अजून घरी पोहोचली नव्हती अशा घरांमधून. मोबाइल तेव्हा हातोहाती नव्हते. एक शब्द गाळला आणि पंचवीस-तीस घरं दिवसभर जिवाला घोर लावून बसली.

तेव्हापासून माझ्या विभागात नियम झाला : गावाबरोबर तालुका आणि जिल्हा लिहिल्याशिवाय फोटोओळ पुढे जाणार नाही. नाव त्या माणसाकडून पुन्हा वदवून घ्यायचं, शक्य असेल तर त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्यायचं. डावीकडून उजवीकडे कोण ते तिथेच नोंदवायचं, कार्यालयात येऊन आठवायचं नाही. फोटोग्राफरची निम्मी अब्रू फोटोओळीत असते.

पुढचं नंतर लिहितो, डोळे थकले.

---

गोदाकाठ

काका, काय बोलू कळत नाही. सरदार चौकातून मी रोज गाडीवरून जातो. २००३ला मी शाळेत होतो.

फोटोओळीचं मनाला लागलं. आमच्याकडे ज्युनियर व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात आणि खाली 'कार्यक्रमाचा फोटो' असं लिहितात. डेस्कवाले निमंत्रणपत्रिका बघून नावं भरतात. जो पाहुणा आलाच नाही त्याचंही नाव छापून येतं. हे मी चालवून घेत आलोय.

---

सुईदोरा

मी बेंगळुरूत ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या स्टुडिओत आहे, पद तुमचंच, सीनियर फोटोग्राफर. मूळची इचलकरंजीची. मित्राच्या निरोपामुळे तुमचं मन दोलायमान झालं असेल तर इथलं चित्र सांगते.

इथे सीनियर झाल्यावर कॅमेरा कमी आणि एकसारखेपणा सांभाळणं जास्त. एका सेटवर दिवसाला शंभरच्या आसपास कपडे जातात. मॉडेल, स्टायलिस्ट, मेकअप, असिस्टंट, फोटो कॉम्प्युटरवर साफ करणारा रिटचर अशी फौज असते. कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडलेला, फोटो लगेच पडद्यावर. सकाळी पहिलं काम म्हणजे रंगांच्या पट्टीचा फोटो घेऊन रंग बसवणं. पैठणीचा जांभळा पडद्यावर निळा दिसला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं आणि तो परतावा कुणाच्या सेटवरचा हे हिशेबात दिसतं. लाइटची उंची, अंतर, ताकद सगळं कागदावर मांडून ठेवायचं. आज सुट्टीवर गेले तर दुसऱ्याने उद्या हुबेहूब तसाच फोटो काढला पाहिजे.

याच्यापुढे लीड, मग स्टुडिओ मॅनेजर. तिथे कॅमेरा हातातून जातो, माणसं आणि वेळापत्रक येतं. काहीजण क्रिएटिव्हकडे वळून आर्ट डायरेक्टर होतात. पगार वेळेवर, रविवार आपला. मला हे काम आवडतं, कापड मला लहानपणापासून कळतं. माझे वडील मागावर बसायचे. पण तुम्ही सिंहस्थाबद्दल ज्या पद्धतीने एकच वाक्य लिहिलंत, त्यावरून तुम्हाला इथे करमणार नाही असं वाटतं. राग मानू नका.

---

मुक्तछंद

जरा वेगळा सूर लावतो. मी १२ वर्षं नोकरी करून आता मोकळा आहे : लग्नं, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, कधी परदेशी संस्थांसाठी काम. पदाच्या मागे लागू नका असं माझं मत आहे, कारण पद देणारा ते कधीही काढून घेतो. ३० मे २०१३ला अमेरिकेतल्या 'शिकागो सन-टाइम्स' या दैनिकाने आपला सगळा छायाचित्र विभाग एका दिवसात बंद केला. २८ जणांची नोकरी गेली, त्यात पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळवलेले जॉन व्हाइटही होते. बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचं शिक्षण देऊ असं व्यवस्थापनाने सांगितलं. पुलित्झरवाल्याची ही गत, मग जिल्हा आवृत्तीतल्या सीनियरचं काय घेऊन बसलात?

तुमचं नाव, तुमचा संग्रह आणि तुम्हाला ओळखणारी माणसं, एवढंच तुमचं. नोकरी असेपर्यंत हे तिन्ही जमवा.

---

जुनी_निगेटिव्ह

मुक्तछंद, तुमच्याशी भांडण नाही. जे घडलं ते घडलं. माझंच सांगतो. आमचं कार्यालय नव्या इमारतीत हललं तेव्हा निगेटिव्हची तीन कपाटं 'जागा नाही' म्हणून रद्दीत गेली. मी गावी होतो. परत आलो तेव्हा कपाटांच्या जागी पाण्याचं मशीन होतं. नाशिकची पंचवीस वर्षं त्या कपाटांत होती. १९९१ आणि २००३चे सिंहस्थ, गोदेचे पूर, बंद पडलेल्या टॉकीजा, द्राक्षांचे पहिले मांडव, काही माणसांचे तर तेवढेच फोटो. कोणी दुष्टपणा केला नाही, कोणाला किंमत माहीत नव्हती इतकंच. आणि ती सांगायचं काम माझं होतं. 'हे कपाट हलवताना मला विचारा' अशी चिठ्ठीसुद्धा मी कधी लावली नव्हती.

म्हणून गोदाकाठ, सीनियरचं दुसरं काम संग्रह. रोजच्या फाइलींना तारीख, ठिकाण, नाव जोडलेलं हवं. फोटोच्या फाइलीतच ती माहिती लिहिण्याची सोय असते, ती भरायला ज्युनियरना पहिल्या दिवसापासून लावा. दोन हार्ड डिस्क, एक कार्यालयात, एक दुसऱ्या इमारतीत. मूळ फाइल कधीही पुसायची नाही.

'वाट कुठे जाते' याबद्दल. माझ्या पिढीत शिडी अशी होती : प्रशिक्षणार्थी, छायाचित्रकार, वरिष्ठ, मुख्य, आणि इंग्रजी पेपरांत फोटो एडिटर. पण ज्यांच्याकडे पाहून आम्ही शिकलो त्यांच्यापैकी कोणीही शिडीने सरळ चढलं नाही. रघु राय शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. मोठे भाऊ एस. पॉल फोटोग्राफर होते, त्यांच्यामुळे कॅमेरा हातात आला. दिल्लीत 'स्टेट्समन'चे मुख्य छायाचित्रकार झाले, दहा वर्षांनी ते सोडलं आणि ८०च्या दशकात 'इंडिया टुडे'त पिक्चर एडिटर म्हणून पानांची मांडणी हातात घेतली. भोपाळच्या वायुदुर्घटनेचे फोटो त्यांनी काढले ते त्याच काळात. होमाई व्यारावाला आपल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. त्यांनी १९७०मध्ये काम थांबवलं आणि पद्मविभूषण मिळाला २०११ला, वयाच्या ९७व्या वर्षी. दानिश सिद्दिकी टीव्हीचा बातमीदार होता. तिथली नोकरी सोडून २०१०मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेत इंटर्न म्हणून लागला. म्हणजे पायरी उतरला. २०१८मध्ये रोहिंग्यांच्या फोटोंसाठी त्याच्या चमूला पुलित्झर मिळालं, आणि जुलै २०२१मध्ये अफगाणिस्तानात कंदाहारजवळ स्पिन बोल्डकला तो मारला गेला. भारतात रॉयटर्सच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख असताना गेला. प्रमुख झाला म्हणून टेबलामागे बसला नाही.

हे मोठ्यांचं झालं. माझ्या ओळखीतले सीनियर कुठे गेले? एक जण माहिती खात्यात लागला. एक शेती विद्यापीठात पिकांचे आणि किडींचे फोटो काढतो आणि त्यात सुखी आहे. एकाने पत्रकारिता शिकवायला घेतली. दोघं दारूत गेले, कारण रात्रीची ड्युटी आणि रोज अपघात बघणं त्यांना पेललं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. हेही सीनियरचं काम आहे. ज्युनियर सलग तीन दिवस मृतदेहांचे फोटो काढून आला तर चौथ्या दिवशी त्याला फुलांच्या प्रदर्शनाला पाठवायचं. हुकूम म्हणून पाठवायचं, कारण तो स्वतः मागणार नाही.

---

सहीशिक्का

मी वकील आहे, पुण्यात. संग्रहाचा विषय निघालाय म्हणून कायद्याचं थोडं सांगतो, कारण फोटोग्राफर मंडळी कागद न वाचता सही करतात हा माझा रोजचा अनुभव आहे.

प्रताधिकार कायदा १९५७, कलम १७. तुम्ही वृत्तपत्राच्या नोकरीत आहात आणि त्या वृत्तपत्रात छापण्यासाठी फोटो काढलात, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी बाबतीत पहिला हक्क फोटो काढणाऱ्याचा. म्हणजे प्रदर्शन किंवा पुस्तक तुमचं. पण 'वेगळं काही लिहिलेलं नसल्यास' हे चार शब्द लक्षात ठेवा. हल्ली बहुतेक नेमणूकपत्रांमध्ये सगळे हक्क कंपनीकडे जातात असं एक कलम मागच्या पानावर असतं. तुमचं पत्र काढून बघा. सुईदोरा, तुमच्या स्टुडिओतल्या कामाचे हक्क नोकरी म्हणून कंपनीचेच. आणि मुक्तछंद, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला तर पहिला मालक तो पैसे देणारा, म्हणजे लग्नाच्या फोटोंचं मालक ते घर. तुम्हाला जाहिरातीत वापरायचे असतील तर आधी लिहून घ्या.

कुणाला हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. २०१२च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे तुमच्या मुलांचाही विचार करा. आणि हक्क विकला तरी 'हा फोटो मी काढला' असं म्हणण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो.

मूळ फाइल न पुसण्याबद्दल काकांनी लिहिलं ते आमच्या बाजूनेही फार महत्त्वाचं आहे. २६/११ला सीएसटीवर 'मुंबई मिरर'चे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसूझा समोरच्या कार्यालयातून कॅमेरा घेऊन गेले, खांबाआडून, फ्लॅशशिवाय फोटो काढले आणि पुढे कसाबच्या खटल्यात साक्षीला उभे राहिले. कोर्टात फोटो एकटा बोलत नाही, तो काढणारा माणूस सोबत लागतो. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मूळ कार्डावरून फाइल कधी, कुठे उतरवली याची नोंद ठेवा.

---

पहिली_ओळ

मी ज्युनियर आहे, मराठवाड्यात एका जिल्हा आवृत्तीत. हाताखालची मुलगी म्हणजे साधारण मीच, म्हणून लिहायचं धाडस करते.

आमच्या सीनियरनी माझ्यासाठी केलेली एक गोष्ट सांगते. आषाढीला वाखरीच्या रिंगणासाठी पास एकच होता. दरवर्षी ते स्वतः जायचे. त्या वर्षी पास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अश्व दोन मिनिटांत निघून जाईल. त्याच्या मागे धावू नकोस. त्याच्या टापांखालची माती उचलायला लोक येतात, तिथे थांब." मी थांबले. एक म्हातारी पदराच्या टोकात माती बांधत होती. तो फोटो पान एकवर लागला, माझ्या नावाने. ते बाहेर मंडपाच्या फोटोंवर समाधानी होते.

दुसरं म्हणजे, मंत्र्यांच्या कार्यक्रमात पुरुषांच्या गर्दीत मला मागे ढकलतात. सीनियर बरोबर असले की ते काही बोलत नाहीत, नुसते माझ्या मागे उभे राहतात. मग जागा मिळते. शिकवणी वगैरे लागत नाही दादा. चूक झाली की सगळ्यांसमोर न बोलता नंतर स्क्रीनवर दाखवा, आणि आमचा फोटो तुमच्या नावाने लागू देऊ नका. एवढं केलंत तरी खूप.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, पत्र काढून पाहिलं. तुम्ही म्हणालात ते कलम आहे, तिसऱ्या पानावर. सही अजून केलेली नाही. 'प्रदर्शन व पुस्तकासाठी छायाचित्रकारास अनुमती' एवढी ओळ घाला असा अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

काका, सिंहस्थाचं नियोजन काल वहीत मांडायला घेतलं. शैव आखाडे त्र्यंबकला, वैष्णवांचे तीन आखाडे इथे रामकुंडावर, मध्ये सुमारे ३० किलोमीटर आणि रस्ते बंद. म्हणजे त्र्यंबकचा माणूस आदल्या रात्रीच तिथे मुक्कामाला हवा. मालेगावचा मुलगा कुशावर्तावर आणि ती मुलगी रामकुंडाच्या मनोऱ्यावर असं ठरवतोय. मनोऱ्यावरची जागा २०१५ला माझी होती. मी खाली, वाटांवर राहीन. स्नान करणाऱ्या बायकांचे जवळून फोटो घ्यायचे नाहीत हे दोघांना आत्ताच सांगितलंय, आणि कारणही सांगितलं.

---

जुनी_निगेटिव्ह

वाटांवर तुम्ही राहताय हे वाचून बरं वाटलं. एक विनंती. दोन्ही मुलांना घेऊन एकदा पहाटे सरदार चौकातून रामकुंडापर्यंत पायी जा. वाट कुठे आवळते, आडवी बोळ कुठे आहे, कुठल्या घराचा ओटा उंच आहे हे त्यांच्या पायांना कळू दे. फोटोसाठी नाही सांगत. गर्दी उलटली तर त्यांना बाहेर पडता आलं पाहिजे.

आणि बेंगळुरूच्या मित्राला अजून उत्तर दिलं नसेल तर सभ्यपणे देऊन टाका. ती वाट बंद करू नका, पण त्याला ताटकळत ठेवू नका.

---

गोदाकाठ

आज पहाटे साडेपाचला तिघं गेलो. जाताना बावीस मिनिटं लागली, थांबत थांबत. मुलीने बोळांचा नकाशा काढलाय, मालेगावच्या मुलाने तीन ओटे हेरले आणि त्या घरच्यांशी बोलूनही आला. एका आजींनी चहा दिला. त्यांनी २००३ दारातून पाहिलंय. त्यांचा फोटो काढला नाही, त्या नको म्हणाल्या.

मित्राला फोन केला. २०२७नंतर बोलू म्हणालो.

काका, पुढच्या वेळी आम्ही जाऊ तेव्हा तुम्ही याल का?

---

जुनी_निगेटिव्ह

येतो. रविवारी जमेल. गुडघे दुखतात, तेव्हा बावीसची चाळीस मिनिटं धरा.